शिकवायचं कसं, की ठरवायचं कोणी? : ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या शिक्षणाविषयीच्या तीन मांडण्या

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांनी स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार कसा केला, हा आजचा विषय. तो इतका पसरलेला आहे की एका तासात त्याचा इतिहास सांगायचा म्हटलं तर नुसती सनावळीच हाती लागेल. म्हणून आम्ही तीन मांडण्या निवडल्या आहेत. पहिली 1993 मधलं एक रेडिओ व्याख्यान, दुसरी 2009 मधला एक दीर्घ निबंध आणि तिसरी 2019 मधला एक माहितीपट. तिघांचंही बळ काय आणि त्यांना काय दिसत नाही, हे तपासू.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना ते पारखून घेता येईल. या विषयावरची बहुतेक चर्चा 'मुलांना कुठल्या भाषेत आणि कुठल्या पद्धतीने शिकवावं' याभोवती फिरते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो : हे ठरवायचं कोणी, आणि ठरल्यानंतर ते बदलायचा अधिकार कोणाकडे? या तीन मांडण्या आपण याच कसोटीवर लावणार आहोत.

आधी शब्दांबद्दल

'ॲबोरिजिनल' या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'आरंभापासूनचे' असा होतो. म्हणजे आपला 'आदिवासी' हा शब्द त्याला जवळजवळ अक्षरशः जुळतो. पण दोन्ही शब्द बाहेरून दिलेले. ते लोक स्वतःला योल्ङू म्हणतात, वार्लपिरी म्हणतात, अरर्न्त म्हणतात. योल्ङू या नावातला तो ध्वनी लिहायला रोमन लिपीत वेगळं चिन्ह आणावं लागलं; आपल्या वर्णमालेत मात्र ङ कधीपासून बसलेला आहे, आपण तो फक्त पाठ करण्यापुरता वापरतो.

ब्रिटिश 1788 मध्ये वसाहत करायला आले तेव्हा या खंडावर अडीचशेहून जास्त भाषा होत्या. त्यांपैकी ज्या आजही मुलं घरात पहिली भाषा म्हणून शिकतात, अशा जेमतेम डझनभर उरल्या आहेत. यात शाळेचा हात मोठा आहे. सिडनीजवळ पॅरामॅटा इथे 1815 च्या सुरुवातीला आदिवासी मुलांसाठी संस्था उघडली, तिचा हेतूच मुलांना आईबापांपासून वेगळं काढून 'सुधारणं' हा होता. पुढे विसाव्या शतकाचा बराचसा काळ सरकारी यंत्रणा आणि मिशन यांनी मुलं कुटुंबांतून उचलून नेली. 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने अंदाज दिला तो असा : साधारण 1910 ते 1970 या काळात दहांतलं एक ते तिघांतलं एक मूल असं नेलं गेलं. 2008 च्या फेब्रुवारीत पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली.

हे लक्षात ठेवलं की एक गोष्ट कळते. 'आदिवासी पालकांना शिक्षणाचं महत्त्वच पटत नाही' हे वाक्य तिथेही सर्रास ऐकू येतं. ज्या घरातली आजी शाळेच्या नावाखाली पळवली गेली, त्या घराने शाळेकडे संशयाने पाहणं याला अडाणीपणा म्हणता येत नाही. ती त्या घराची स्मृती आहे.

यिरकाला : दोन पाण्यांची शाळा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे. तिथल्या यिरकाला गावात 1935 मध्ये मेथडिस्ट मिशन आलं. 1963 मध्ये सरकारने गावकऱ्यांना न विचारता त्यांच्या जमिनीवर बॉक्साइटच्या खाणीला वाट करून दिली, तेव्हा योल्ङूंनी संसदेला अर्ज पाठवला. झाडाच्या सालीवर त्यांच्या कुळांची चित्रं रंगवलेली आणि मधोमध चिकटवलेल्या कागदावर टंकलिखित मजकूर, तोही दोन भाषांत : त्यांची आणि इंग्रजी. खाण थांबली नाही. पण अर्जाचं ते रूप पुढच्या सगळ्या शैक्षणिक विचाराचं बीज आहे, असं आम्हाला वाटतं. तुमची भाषा आम्ही वापरू, तुमची पद्धतही पाळू. पण आमचं म्हणणं आमच्या चौकटीत बसवून.

1972 च्या डिसेंबरात गॉफ व्हिटलम यांचं सरकार आलं आणि त्याने नॉर्दर्न टेरिटरीत द्विभाषिक शिक्षणाची घोषणा केली. 1973 मध्ये काही शाळांत ते सुरू झालं, लगोलग यिरकालातही. मुलाने वाचायला शिकायचं ते घरच्या भाषेत आणि इंग्रजीचं प्रमाण पायरी-पायरीने वाढवत न्यायचं. त्यासाठी गावातच पुस्तकं लिहिली-छापली जाऊ लागली.

पण 'द्विभाषिक' म्हणजे अजून सरकारचीच योजना. इंग्रजीकडे जायला घरच्या भाषेचा पूल, आणि पलीकडे पोचलं की पूल मोडला तरी चालेल, असाच तिचा अर्थ कित्येक अधिकाऱ्यांनी लावला. 1980 च्या दशकात यिरकालातल्या योल्ङू शिक्षकांनी तिला स्वतःचा अर्थ दिला. त्यात दोन नावं ठळक : एक डॉ. एम. युनुपिंगू आणि दुसरं डॉ. आर. मारिका. दोघंही आता हयात नाहीत. गेलेल्या माणसाचं पहिलं नाव उच्चारायचं नाही हा योल्ङूंचा रिवाज. त्यांच्यानंतर त्यांचे उल्लेख असे होऊ लागले, म्हणून आपणही तसेच करतो आहोत.

पहिली मांडणी : 1993 चं व्याख्यान

युनुपिंगू यांना आपल्याकडे कोणी ओळखत असेल तर 'योथू यिंडी' या बँडचे गायक म्हणून. पण त्यांचा पेशा शिक्षकाचा. 1988 मध्ये ते पदवीधर झाले, आर्नहेम लँडमधले पहिले आदिवासी पदवीधर. 1990 मध्ये यिरकालाच्या शाळेचे मुख्याध्यापक. 1992 चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान त्यांना मिळाला आणि 1993 मध्ये बॉयर व्याख्यानमालेत, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय रेडिओच्या सगळ्यात मानाच्या मालिकेत, ते बोलले.

त्यांच्या विचाराच्या मध्यभागी आहे 'गान्मा'. खाडीत समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी भेटतं ती जागा. पाणी घुसळतं, फेस येतो, पण एक प्रवाह दुसऱ्याला गिळून टाकत नाही. योल्ङू ज्ञान आणि पाश्चात्त्य ज्ञान शाळेत असंच भेटावं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको : खाडीचं पाणी हे स्वतःचं वेगळं जग असतं, तिथला मासा वेगळा, तिथली झाडं वेगळी.

आता इथे थांबून शंका घेतली पाहिजे. रूपक गोड आहे. वर्गात त्याचं काय होतं? म्हणून यिरकालातल्या गणिताच्या अभ्यासक्रमाकडे वळू. त्यांनी 'गुरुत्तू' म्हणजे नात्यांची व्यवस्था आणि 'जाल्किरी' म्हणजे जमिनीवरच्या पावलांची, ठिकाणांची व्यवस्था हे दोन पाय धरले. त्यांचं म्हणणं असं की दहाच्या पटीत पुन्हा पुन्हा तोच नियम लावून संख्या अमर्याद वाढवता येतात, तसंच नात्याचे थोडे नियम पुन्हा पुन्हा लावून जगातला प्रत्येक माणूस आणि जमिनीचा प्रत्येक तुकडा कुठे बसतो हे ठरवता येतं.

एक साधं उदाहरण घेऊ. योल्ङूंचं सगळं विश्व दोन भागांत विभागलेलं आहे, धुवा आणि यिरित्जा. लग्न पलीकडच्या भागातच करायचं आणि मूल वडिलांच्या भागात जातं. म्हणजे आई यिरित्जा असेल तर मुलगी धुवा. आणि त्या मुलीची मुलं पुन्हा यिरित्जा. एक पायरी उतरलं की बाजू बदलते, दोन पायऱ्या उतरलं की आपण होतो तिथे. सम आणि विषम संख्या शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं हवं? आई-मूल या जोडीलाच 'योथू यिंडी' म्हणतात. बँडचं नाव तिथून आलं.

आम्हाला या मांडणीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. इथे 'संस्कृती' हा शुक्रवारच्या शेवटच्या तासाला नाच-गाण्याचा कार्यक्रम नाही. ती गणिताच्या तासाला येते, तीही विचार करण्याचं हत्यार म्हणून. शिवाय त्यात काय शिकवायचं आणि काय नाही, हे ठरवायला जाणते वडीलधारे बसतात, कारण प्रत्येक ज्ञान प्रत्येकाला सांगायचं नसतं.

आता उणीव. गान्मामध्ये दोन प्रवाह बरोबरीने भेटतात. प्रत्यक्षात एका प्रवाहाच्या हातात पगार, परीक्षा आणि शाळेची किल्ली होती. या तिढ्याचं उत्तर रूपकात नाही आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. 1998 च्या अखेरीला नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने द्विभाषिक कार्यक्रम गुंडाळायचं जाहीर केलं; विरोध झाल्यावर तो 'दुहेरी शिक्षण' अशा नावाखाली कसाबसा टिकला. मग 2008. त्या वर्षी पहिल्यांदा देशभर एकच इंग्रजी चाचणी झाली, दुर्गम शाळांचे आकडे वाईट आले आणि ऑक्टोबरात आदेश निघाला : शाळेचे पहिले चार तास फक्त इंग्रजी. घरच्या भाषेला दुपारचा उरलासुरला वेळ. हा आदेश काढणाऱ्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमगोर स्वतः आदिवासी होत्या. त्यामुळे 'गोरे विरुद्ध आदिवासी' अशी सोपी मांडणी इथे पुरत नाही. खुर्चीवर आपला माणूस असणं आणि निर्णय गावाच्या हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारच्या बाहेरची वाट

मग काहींनी सरकारचा प्रवाहच टाळला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात 1946 मध्ये गुराखी आदिवासी मजुरांनी मजुरीसाठी संप केला; तो 1949 पर्यंत चालला. त्यातून उभ्या राहिलेल्या समूहाने 1976 मध्ये स्ट्रेली इथे स्वतःची शाळा काढली. तिथे न्यांगुमार्ता भाषेत वाचायला शिकवलं जाई, आणि बाहेरून आलेल्या गोऱ्या शिक्षकांना नेमायचं ते समाजाच्या वडीलधाऱ्यांनी. ॲलिस स्प्रिंग्जच्या भोवतीच्या वस्त्यांतल्या लोकांनी 1978 मध्ये यिपिरिन्या शाळा सुरू केली, एकाच छपराखाली अनेक आदिवासी भाषा. सरकारने नोंदणी नाकारली, म्हणजे अनुदान नाही. लोक न्यायालयात गेले आणि 1983 मध्ये नोंदणी मिळवली.

या शाळांविषयी लिहिणारे 'पर्यायी शिक्षण' हा शब्द वापरतात. आम्हाला तो खटकतो. संप करून, कोर्टात भांडून जी मिळवली ती शाळा या लोकांसाठी पर्याय नव्हती, तीच शाळा होती.

दुसरी मांडणी : नोएल पिअरसन यांचा निबंध

आता विरुद्ध बाजूला जाऊ. नोएल पिअरसन हे क्वीन्सलँडच्या केप यॉर्कमधल्या होप व्हेल या जुन्या लुथेरन मिशनच्या गावात वाढलेले वकील आणि विचारवंत. 1993 च्या त्याच बॉयर मालिकेत तेही बोलले होते. 2009 मध्ये त्यांचा 'रॅडिकल होप' हा निबंध आला.

पिअरसन यांचा मुद्दा बोचणारा आहे आणि बोचला पाहिजे. थोडक्यात आमच्या शब्दांत : आदिवासी मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणं हाही अपमानच, फक्त प्रेमळ आवाजातला. गरीब मुलाला उत्तम इंग्रजी आणि गणित देणार नसाल, तर संस्कृतीच्या गप्पा त्याच्या काय कामाच्या? मुलाने बाहेरच्या जगात जावं, तिथे टिकावं आणि घरी परत यावं, ग्रह जसा कक्षेत फिरतो तसं. त्यासाठी पद्धतशीर, काटेकोर शिकवणं हवं.

द्विभाषिक शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या निबंधाची पुष्कळदा हेटाळणी केली. ते चुकलं असं आमचं मत आहे. दूरच्या वस्तीतल्या कित्येक शाळांत मुलं ना घरच्या भाषेत नीट वाचायला शिकली, ना इंग्रजीत. शिक्षक येतात आणि वर्षभरात जातात. 'आपल्या पद्धतीने' या नावाखाली ही हयगय झाकली जाऊ शकते. पिअरसन तिच्यावर बोट ठेवतात.

अडचण पुढच्या टप्प्यावर येते. 2010 मध्ये त्यांच्या अकादमीने ऑरुकुन, कोएन आणि मग होप व्हेल इथे 'डायरेक्ट इन्स्ट्रक्शन' ही अमेरिकेत तयार झालेली पद्धत आणली. त्यात शिक्षकाने बोलायचं वाक्यही लिहून दिलेलं असतं. शिक्षक खूण करतो, मुलं एका सुरात उत्तर देतात. संस्कृतीलाही वेळापत्रकात जागा होती, पण वेगळ्या कप्प्यात. ऑरुकुनच्या मुलांची घरची भाषा विक-मुंकन. पाठ मात्र इंग्रजी गृहीत धरून लिहिलेले.

2016 मध्ये ऑरुकुनमध्ये हिंसक घटना घडल्या, शिक्षकांना गावातून हलवावं लागलं, शाळा काही काळ बंद राहिली. सरकारी आढाव्यानंतर अकादमी त्या शाळेतून बाहेर पडली. त्या हिंसेचं खापर अध्यापनपद्धतीवर फोडणं योग्य होणार नाही; गावाची दुखणी जुनी आणि खोल होती. पण एवढं नक्की म्हणता येतं : ज्या पद्धतीत स्थानिक शिक्षिकेने स्वतःचं एक वाक्यही घालायचं नाही, तिथे गाव शिकवणाऱ्याच्या जागेवर कधीच येत नाही. पिअरसन यांच्या निबंधात मुलासाठी मोठी महत्त्वाकांक्षा आहे. मुलाच्या मावशीसाठी, जी वर्गात सहायक म्हणून उभी असते, तिच्यासाठी तेवढी जागा नाही. यिरकालात तीच मावशी अभ्यासक्रम लिहीत होती.

तिसरी मांडणी : एका मुलाचा माहितीपट

माया न्यूवेल यांचा 'इन माय ब्लड इट रन्स' 2019 मध्ये आला. त्यात दुजुआन हा दहा वर्षांचा मुलगा आहे, ॲलिस स्प्रिंग्जच्या एका वस्तीतला. तीन भाषा बोलतो, गावात लहानसा वैदू म्हणून मानला जातो, आणि शाळेच्या लेखी नापास. एकीकडे पोलीस आणि बालकल्याण खातं दारात, दुसरीकडे आजी त्याला जमिनीवर नेऊन भाषा शिकवते आहे. वर्गात देशाचा इतिहास वाचून दाखवला जातो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. त्या मिनिटभरात जे कळतं ते शंभर पानांच्या अहवालात कळत नाही. कुटुंबाला केवळ 'विषय' न मानता सहकारी म्हणून चित्रपटात घेतलं आहे, आणि काही दृश्यं दुजुआनने स्वतः टिपलेली आहेत. त्याच वर्षी तो जिनेव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेसमोर बोलला.

चित्रपटाचं हे यश मान्य करून एक तक्रार नोंदवतो. यातली शाळा म्हणजे एक भिंत आहे, जिच्यावर मूल आपटतं. त्या भिंतीच्या आत दुसरी शाळा उभी करण्यासाठी त्याच शहरात लोक 1978 पासून झटत होते, हे प्रेक्षकाला कळत नाही. उपाय म्हणून आपल्यासमोर येते ती आजी आणि मोकळी जमीन. आजी हवीच. पण आजीला वर्ग, पगार, छापलेली पुस्तकं आणि बढती मिळण्याची लढाई पडद्यावर सुंदर दिसत नाही. ती बैठकांत, अर्जांत, अंदाजपत्रकांत चालते. कणव उत्पन्न करणारी कलाकृती या कंटाळवाण्या भागाला वगळते आणि प्रेक्षक हळहळून घरी जातो.

मग काय उरतं?

तो कंटाळवाणा भाग कसा दिसतो, याचं एक उदाहरण देऊन थांबतो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांच्या जमिनीवर सोन्याची खाण आहे. 2005 मध्ये वार्लपिरी शिक्षिकांच्या पुढाकाराने, खाणीच्या स्वामित्वधनातला वाटा शिक्षणासाठी राखून ठेवणारा न्यास उभा राहिला. युएंडुमू, लाजामानू, विलोरा आणि निर्रिपी या चार गावांत भाषा, पुस्तकं, बालवाडी, तरुणांचं प्रशिक्षण यांवर तो पैसा खर्च होतो, आणि कशावर व्हावा हे वार्लपिरी लोक ठरवतात. 2008 चा आदेश आला तेव्हा सरकारने वेळापत्रक बदललं. या पैशाला मात्र हात लावता आला नाही.

आपल्याकडे मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम हा वाद आपण घरोघरी घालतो. त्या सवयीने हा सगळा विषय ऐकला तर आपण पुन्हा माध्यमापाशीच अडकू. योल्ङू आणि वार्लपिरी पालकांना इंग्रजी हवी आहे. नको असं म्हणणारे आमच्या वाचनात आले नाहीत. त्यांना इंग्रजी कोणाच्या अटीवर मिळते, याचं उत्तर हवं आहे.

युनुपिंगूंकडे विचार होता, पण किल्ली नव्हती. पिअरसन यांच्याकडे शिस्त होती आणि सत्तेत शब्दही होता, पण गावाला शिकवणारा मानण्याची तयारी कमी पडली. न्यूवेल यांच्याकडे मुलाचा चेहरा आहे, पण संस्था नाही. वार्लपिरी बायकांकडे यांपैकी प्रसिद्धी कुठलीच नाही. त्यांच्याकडे स्वतःच्या हातातली तिजोरी आणि दरवर्षी भरणारी बैठक आहे.

आणि यिरकाला? आदेश आला तरी शाळेने आपली वाट शक्य तेवढी धरून ठेवली. 2020 मध्ये तिथले आठ विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशाला पात्र ठरणारे गुण मिळवून बारावी झाले. त्या शाळेतून असे गुण घेऊन बाहेर पडणारे ते पहिलेच. ते दोन्ही भाषांत शिकलेले होते. 1970 च्या दशकात सुरू झालेल्या कामाचं हे फळ 2020 मध्ये हाती येतं. मधल्या काळात सरकारने निदान दोनदा ते झाड उपटायचा प्रयत्न केला होता. आठ हा आकडा लहान आहे, त्यावर मोठा सिद्धान्त बांधू नये. पण धोरण चार वर्षांत निकाल मागतं आणि शाळा उभी राहायला दोन पिढ्या लागतात, एवढं तरी तो सांगतो.

इथे थांबू या. प्रश्नोत्तरांत एका गोष्टीवर बोलायला आवडेल : समाजातच मतभेद असतात, जसे युनुपिंगू आणि पिअरसन यांच्यात दिसतात, तेव्हा 'समाज ठरवतो' याचा अर्थ नेमका काय घ्यायचा? आमच्याकडे त्याचं तयार उत्तर नाही.